तिजोरीतलं सोनं: ठेवावं की विकावं?

मध्यवर्ती बँकांनी सोनं साठवावं का, हा वाद जुना आहे.

१९४४च्या ब्रेटन वूड्स परिषदेनंतरच्या व्यवस्थेत ३५ डॉलरला एक औंस सोनं असा दर होता. परदेशी सरकारांना डॉलर देऊन अमेरिकेकडून सोनं घेता येई. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही सोय बंद केली आणि चलनाची सोन्याशी असलेली गाठ सुटली.

मग सोनं हवं कशाला? विरोधक म्हणतात, त्यावर व्याज मिळत नाही, भाव खालीवर होतो आणि सांभाळायलाही खर्च येतो. ब्रिटनने १९९९ ते २००२ या काळात सुमारे ३९५ टन सोनं विकलं. पुढे भाव कित्येक पटींनी वाढला.

समर्थक भारताच्या १९९१च्या संकटाकडे बोट दाखवतात. परकीय चलन आटलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. २००९मध्ये त्याच बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं.

२०२२मध्ये रशियाची परदेशांतली गंगाजळी गोठवली गेली. स्वतःच्या देशात ठेवलेलं सोनं असं गोठवता येत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी हजार टनांवर गेली. रिझर्व्ह बँकेनेही ब्रिटनमध्ये ठेवलेलं बरंच सोनं मायदेशी आणलं. देशातला तिचा साठा मुंबई आणि नागपूरला असतो.

आता वाद उरला आहे तो प्रमाणाचा: गंगाजळीत सोनं किती असावं आणि व्याज देणारे रोखे किती?