राष्ट्रगीत आणि धर्मबुद्धी
(ज्युबिलीनिमित्त पाटण येथे झालेले भाषण)



केरा व कोयना यांच्या संगमावरील या पाटण गावी आज आपण आनंदाने जमलो आहोत. प्रसंग उत्सवाचा खरा. तरी एका अवघड प्रश्नाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. देशभक्तीच्या एखाद्या विधीत भाग घेणे कोणाच्या धर्मबुद्धीस पटत नसेल, तर त्यावर सक्ती करावी काय?

ध्वजाचे मोल सातारा जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे तिरंगा घेऊन निघालेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आपण कॅथलिकही राष्ट्रगीत अभिमानाने गातो. मग ही उठाठेव कशास, असे कोणी विचारील.

१९८५ साली केरळात यहोवा-साक्षी पंथाच्या तीन भावंडांस शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, मात्र गात नसत; आपल्या देवाच्या प्रार्थनेवाचून अन्य विधीत भाग घेणे त्यांच्या श्रद्धेस वर्ज्य होते. चौकशीत मुले कायदा पाळणारी ठरली, तरी शाळेचे दार मिटलेच. उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला, की राष्ट्रगीत गावयास लावणारा कायदाच नाही, आणि स्तब्ध उभे राहण्यातही आदर आहे. श्रद्धा आपणांस पटते की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नसते. ती मनापासूनची आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. अमेरिकेत तर १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असता, ध्वजवंदनाची सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती.

त्या पंथाची शिकवण आम्हांस मान्य नाही, हे उघड आहे. परंतु इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नामक रोमी सुभेदाराने सम्राट त्राजनास लिहिलेले पत्र वाचावे. आपण ख्रिस्ती नाही असे म्हणणाऱ्यास तो सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस वाहावयास लावी, आणि ख्रिस्ताची निंदा करवी. श्रद्धा न सोडणाऱ्यास देहदंड. इतरांस ती चिमूटभर धुपाची गोष्ट वाटली असेल! अशा लोकांचा हट्टच शिक्षेस पात्र आहे, असे त्याचे मत. ते हट्टी लोक आपले पूर्वज होत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेस उभे राहत, पण हात जोडीत नसत. त्यावरून त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती घटनेविरुद्ध ठरविली. हा निकाल वाचून आपल्यापैकी पुष्कळांस समाधान वाटले असेल. पण तो आपल्या सोयीपुरता घेता येत नाही. आपल्या शाळांतही हिंदू, मुसलमान व बौद्ध मुले शिकतात, आणि सकाळच्या प्रार्थनेत क्रुसाची खूण करणाऱ्यांच्या रांगेत तीही उभी असतात. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत संमतीवाचून कोणासही उपासनेत सामील करून घेता येत नाही, असे घटनेचे २८ वे कलम सांगते. मूल अज्ञान असल्यास ती संमती पालकांची लागते. तेव्हा शाळाचालकांस आमची विनंती एवढीच, की प्रवेशपत्रिकेत त्या संमतीचा एक रकाना असावा, आणि ज्याने तो कोरा ठेवला त्याच्या मुलास वर्गात कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये.