हिंमत कशावर उभी राहते?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आयुष्याची दिशा बदलण्याचं धाडस, असा विषय मला दिला आहे. सल्ला केंद्रावर आलेली बाई पहिल्याच दिवशी म्हणते, "ताई, माझ्यात तेवढी हिंमत नाही." मग आपण तिला थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगतो. त्यातलीच एक आज जरा निराळ्या अंगाने पाहू या.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या आईकडेच राहिल्या. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोने नांदायला यावं. १८८५ मध्ये तो फेटाळला गेला. अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

इथे टाळ्या पडतात. पण ही बाई उभी कुठे होती? आईच्या घरात. दुसरं लग्न करताना आईने आपली मालमत्ता त्यांच्या नावावर केली होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये वारले, तोवर पाठीशी होते. पुढे मदतीला समिती उभी राहिली. घर, पैसा, माणसं, तिन्ही होतं. त्यांचं धाडस याने कमी होत नाही. ते टिकलं कशामुळे, हे कळतं.

१८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले. काहींना हे तत्त्व सोडल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत. त्या पैशाने पुढचा रस्ता मोकळा झाला. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, नंतर सुरत-राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. दाव्यापासून दहा वर्षं!

आणि आपल्याकडची बाई अर्ज देऊन परत सासरी गेली, की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "तिलाच काही करायचं नाही." अहो, माहेरचे दोन दिवस ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी एसटीची वेळ विचारतात. पोरांचे दाखले, रेशनकार्ड सगळं सासरी. ती जाणार कुठे?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण रखमाबाईंवर लावला तसला दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली आजही लावता येतो. त्यात आता तुरुंग नाही, तरी वकिलाची नोटीस आली की बाई घाबरून नांदायला जाते. तिला सांगा : नुसता असा हुकूम झाला म्हणून पोटगीचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तेव्हा "सोडणार का?" हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. रात्री झोपायला जागा कुठे? स्वतःच्या नावाचं बँकेचं खातं आहे का? आणि कागद आधी बाहेर काढायला सांगा, शेजारणीकडे ठेवले तरी चालतील.