छतावरची वीज: हिशेब आधी

गच्चीवर सौर पॅनेल बसवताय? पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. पण ते संच सुरू झाल्यावर खात्यात येतं. आधी पैसे आपणच उभे करायचे. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. आषाढ-श्रावणात कमीच.

विक्रेते सहसा सांगत नाहीत ते हे: वीज गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा! तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरी घेतली तर खर्च चांगलाच वाढतो. ज्यांचं बिलच तुटपुंजं, त्यांनी घाई करू नये, असं माझं मत. आणि पॅनेलवरची धूळ कोण धुणार, तेही आधीच ठरवा.