अतिसार आणि अर्धी बाटली
(मालेगाव येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



चालकांनी आम्हांस ‘मुलांचे आरोग्य’ हा विषय दिला आहे. आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक आणि निवृत्त शिक्षक. तेव्हा शास्त्र सांगण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या चार वर्षांच्या नातवास हगवण लागली. सूनबाई म्हणाल्या, “मामाजी, दवाखान्यात नेऊ या.” फडताळात थोरल्या नातवाची मागील वर्षीची प्रतिजैविकाची अर्धी बाटली होती. “गुण आलेले औषध घरात असता दवाखाना कशाला?” असे म्हणून आम्ही तीच पाजली. दोन दिवसांनी शौचात रक्त दिसू लागले, डोळे खोल गेले. मुलास अकोल्यास हलविले. शौच तपासणीस गेले. तिसऱ्या दिवशी कागद आला. शिगेला जातीचा आमांशाचा जंतू होता आणि आम्ही पाजलेल्या औषधास तो मुळीच दाद देत नव्हता. डॉक्टरांनी औषध बदलले व मूल वाचले.

आमच्या बाटलीनेच जंतू असा निगरगट्ट झाला काय, असे आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, तो बहुधा बाहेरूनच तसा आला असेल. परंतु अशाच घरोघरच्या बाटल्यांनी तो तसा घडतो.

आपणा शेतकऱ्यांस हे समजणे कठीण नाही. बीटी कपाशीवर पहिली काही वर्षे बोंडअळी मरत असे. ज्या थोड्या तगल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाटी पोखरून काढली. जंतू तर अळीहून वस्ताद! अळी आपला गुण केवळ संततीस देते. जंतू तो शेजारच्या परजातीच्या जंतूसही देतो. जपानात आमांशाच्या जंतूंविषयी हे 1959 मध्ये उघडकीस आले. एका मुलाने लिहिलेल्या उत्तराची चिठ्ठी साऱ्या बाकांवरून फिरावी, तसेच हे. (आमच्या वर्गात ती फिरत असे, हे आम्हांस ठाऊक होते.)

वास्तविक मुलांचे पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात. तेथे प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार गेल्याने. 1971 मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचा सपाटा लावला. शेकडा 30 च्या घरातील मृत्यू शेकडा 4 च्याही खाली आले. क्षारसंजीवनीची पुडी ती हीच. तिच्या जोडीस जस्ताची गोळी 14 दिवस द्यावयाची. जुलाब थांबले तरी मध्येच सोडावयाची नाही. रक्त पडले, मूल मलूल झाले वा पाणी पिईनासे झाले, तर मात्र घरी थांबू नये. रक्ती आमांशास प्रतिजैविक लागतेच. ते डॉक्टरांनी ठरवावे.

1 मार्च 2014 पासून कित्येक प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने वहीत नोंदली पाहिजे, असा नियम आहे. चिठ्ठीवाचून देणारे दुकानदार आहेत, हे खरे. पण मागणारे आपणच ना? आम्हीही मागत होतो.

आता त्या फडताळात पुड्या असतात. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावी आणि 24 तासांनी उरलेले फेकून द्यावे. अधिक काही विचारावयाचे असल्यास भगिनींनी आमच्या सूनबाईंस विचारावे. त्या मागील रांगेत बसल्या आहेत.