तेलाला पर्याय शेतातून? आधी चार प्रश्न विचारू या

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही जैवइंधनाबद्दल बोलणार आहोत. शब्द जड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. जमिनीखालून उपसलेल्या तेलाऐवजी झाडं, पिकं, शेण, पालापाचोळा यांच्यापासून जे इंधन होतं, ते जैवइंधन. चुलीतली गोवरी हे जैवइंधनच. करंजाच्या तेलावर दिवे लावायचे तेही जैवइंधनच. आणि ही युक्ती इंजिनालाही नवी नाही. 1900 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

मग आज या विषयाचा एवढा गाजावाजा का? कारण आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 100 लिटरमागे 85 लिटरहून जास्त तेल परदेशातून येतं. स्वयंपाकाच्या गॅसमधलाही निम्म्याहून अधिक बाहेरूनच येतो. दूर कुठे लढाई पेटली की इथे ट्रॅक्टरची नांगरट महागते, एसटीचं तिकीट वाढतं, सिलिंडर परवडेनासा होतो. म्हणून पर्याय हवा, यात शंकाच नाही. प्रश्न एवढाच आहे, की तो पर्याय कशातून काढायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची.

आधी इथेनॉल बघू. इथेनॉल म्हणजे ऊस, मका, तांदूळ आंबवून केलेलं अल्कोहोल. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. 2014 च्या सुमाराला 100 लिटर पेट्रोलमध्ये ते दीड लिटरच्या आसपास असायचं. 2022 मध्ये 10 लिटर झालं आणि 2025 मध्ये 20 लिटरवर पोचलं. काम मोठं झालं, हे मान्यच करायला हवं. कारखान्यांना साखरेशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळालं, उसाचं बिल वेळेवर निघायला काही ठिकाणी मदत झाली.

पण '20 टक्के इथेनॉल म्हणजे 20 टक्के तेल वाचलं' असा हिशेब कोणी सांगितला, तर थोडं थांबा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ताकद असते. म्हणजे 20 लिटर इथेनॉल पेट्रोलच्या 13 लिटरएवढं काम करतं. दुसरं असं, की इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं आणि आपल्या देशात पेट्रोलपेक्षा डिझेल दुपटीहून जास्त खपतं. ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, बोअरवेलची गाडी, सगळं डिझेलवर. डिझेलमध्ये मिसळायचं बायोडिझेल अजून शंभरात एक लिटरही होत नाही. म्हणजे जैवइंधन तेलाला हातभार लावेल, पण तेलाची जागा घेणार नाही. हे आधी मनात पक्कं करू या.

आता पाण्याकडे येऊ. इथेनॉल दोन रीतींनी होतं. साखर काढून झाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून होणारं ते उरल्यासुरल्याचं इथेनॉल. एक टन उसाच्या अशा मळीतून साधारण 10 लिटर निघतं. पण साखर न करता सगळा रसच इथेनॉलला घातला, तर तेवढ्याच उसातून 70 लिटर निघतं. कारखान्याला दुसरा रस्ता सोयीचा. पण निती आयोगानेच 2021 च्या अहवालात सांगितलंय, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण 2,860 लिटर पाणी लागतं. त्यातलं जवळजवळ सगळं शेतात ऊस वाढवायला. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर एका लिटरमागे 190 हंडे! ज्या जिल्ह्यांत आपल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे हा हिशेब कोणीतरी मोठ्याने बोलायला हवा.

ब्राझीलचं उदाहरण नेहमी देतात. तिथे 1975 पासून सरकारने उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम चालवला आणि तो टिकला. पण तिथला बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आपला ऊस कालव्यावर, विहिरीवर, बोअरवर वाढतो. पाऊस हुकला की काय होतं, ते 2023 मध्ये दिसलं. ऊस कमी येणार, साखर कमी पडणार म्हणून डिसेंबरात केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रं बसवलेले कारखाने अडचणीत आले. पुढच्या ऑगस्टमध्ये ती बंधनं उठवावी लागली. इंधन असं पावसाच्या लहरीवर बसलेलं असलं, की भरवसा धरणं अवघडच.

आणि हा ऊस तोडतं कोण? बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन निघालेली जोडपी. मुकादमाची उचल फेडायची म्हणून पाळीत, गरोदरपणात, ताप अंगावर काढून बाया फडात उभ्या राहतात. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर सुमारे 82 हजार ऊसतोड बायांच्या पाहणीचे आकडे आले, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊस साखरेला गेला काय किंवा इथेनॉलला गेला काय, कोयता तोच आणि कंबरही तीच. 'हिरवं इंधन' म्हणताना या बायांचा हिशेब त्यात धरायलाच हवा.

उसाला मर्यादा आली तशी सरकारची नजर धान्याकडे वळली. आता देशातल्या इथेनॉलमध्ये उसापेक्षा धान्याचा वाटा जास्त आहे, आणि त्यातही मका पुढे. मका लावणाऱ्याला भाव मिळाला, ही चांगली गोष्ट. पण ज्या गटांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना विचारा! मका महागला की खाद्य महागतं. 2024 मध्ये तर मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला तो परदेशातून आणावा लागला. तेलाची आयात कमी करायला निघालो आणि मक्याची सुरू झाली. असं आधीही कुठे कुठे झालंय. अमेरिकेत इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि 2007 च्या जानेवारीत शेजारच्या मेक्सिकोत लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांची रोजची मक्याची भाकरी महाग झाली होती.

आता मोगली एरंडाची गोष्ट. काही भागांत त्याला चंद्रज्योत म्हणतात, हिंदीत रतनजोत. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून आपण तो कुंपणाला लावतो. बी विषारी, पण तेल निघतं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोठी योजना मांडली, की हे झाड पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, डिझेल तयार. पुष्कळ राज्यांत रोपं लागली. झाड पडीक जमिनीत जगलं खरं, पण बी आलं मूठभर. भरपूर बी हवं तर पाणीही हवं आणि खतही हवं. मग ते चांगल्या जमिनीत का लावायचं? वेचायला मजुरी जास्त, विकत घेणारं कोणी नाही. शेवटी बहुतेक ठिकाणी योजना बारगळली.

यातून आपण एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन आपल्यासाठी पडीक नसते. त्या गायरानावर आपल्या शेळ्या चरतात, तिथून सरपण येतं, रानभाजी येते. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या बायांचं सगळं तिच्यावर चालतं. अशा जमिनीवर इंधनाची झाडं लावायचा ठराव ग्रामसभेत आला, तर आपण तिथे हजर असलं पाहिजे.

मग जैवइंधन नकोच का? तसं नाही. जे उरतं, वाया जातं, सडतं त्यातून होणारं इंधन आपल्या फायद्याचं. हरियाणातल्या पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. तिकडे तो पेंढा शेतातच जाळत होते, म्हणून हे बरं. पण आपला कडबा जनावरांच्या तोंडचा आहे, तो द्यायचा नाही, एवढं भान हवं.

आपल्या दाराशी असलेला सर्वांत चांगला पर्याय म्हणजे गोबरगॅस. साधारण 25 किलो शेणातून दिवसाला एक घनमीटर गॅस मिळतो. एवढं शेण दोन-तीन जनावरांचं. हा गॅस सिलिंडरमधल्या जवळजवळ 430 ग्रॅम गॅसचं काम करतो. महिन्याचे 13 किलो होतात, म्हणजे एका सिलिंडरला थोडं कमी. थंडीत गॅस कमी निघतो, तेही लक्षात ठेवा. वर जी स्लरी उरते, ते उत्तम खत. गोवरी जाळली तर धूरही येतो आणि खतही जातं. गोबरगॅसमध्ये दोन्ही हाती लागतात.

तरी गावोगाव बंद पडलेल्या टाक्या दिसतात. का? जनावरं विकली गेली, पाणी आटलं, दुरुस्तीला माणूस मिळेना. शेणाएवढंच पाणी रोज कालवावं लागतं, आणि ते काम बहुधा घरच्या बाईवरच पडतं. म्हणून टाकी बांधण्याआधी पाण्याची आणि कालवणाऱ्या हाताची वाटणी घरात ठरवा. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. ज्यांच्याकडे जनावरं नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याच्या 'आरती' या संस्थेने खरकटं, सडकं धान्य यांवर चालणारं छोटं संयंत्र तयार केलंय. 2006 मध्ये त्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

फरसाण, वडे, पापड तळणाऱ्या गटांसाठी आणखी एक. वारंवार तळून काळं झालेलं तेल पुन्हा खाण्यात आणू नका, मोरीत ओतू नका. 2018 पासून असं तेल गोळा करून बायोडिझेलला देण्याची सरकारी व्यवस्था आहे. अन्नसुरक्षा विभागाकडून मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यांची माहिती घ्या आणि त्यांनाच द्या.

आणि उद्या गावात कोणी इंधनाची रोपं, करार किंवा कारखान्याची योजना घेऊन आलं, तर गटाने चार प्रश्न विचारायचे. एक, याला पाणी किती लागेल आणि ते कुठून येईल? दोन, जमीन कोणाची, आणि आज तिच्यावर कोणाचं पोट आहे? तीन, माल कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि तसं लेखी देणार का? चार, कष्ट कोणाचे आणि पैसे कोणाच्या खात्यात? चारही उत्तरं नीट मिळाली तर जरूर पुढे व्हा. एकाचंही उत्तर 'नंतर बघू' असं आलं, तर सही करायची घाई नको.

येत्या बैठकीत हिशेबाच्या वह्या मिटल्यावर दहा मिनिटं या विषयावर बोला. तुमच्या गावात किती गोबरगॅस चालू आहेत, किती बंद, आणि का बंद, याची यादी करून आम्हाला कळवा. चालू असलेल्या घरच्या ताईंना आपण रेडिओवर बोलावू. तोवर नमस्कार!