सायलेन्सर कापण्यापूर्वी

आज मी मोटारसायकलच्या आवाजाबद्दल बोलणार आहे आणि ज्यांना हा आवाज मनापासून आवडतो त्यांच्याशीच बोलणार आहे. चौकात बुलेट डुगडुगत उभी असली की जाणाऱ्याची मान वळते. गल्लीतून आरएक्स १०० गेली की खिडकीतून न डोकावता गाडी ओळखणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत. ही आवड खरी आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. हार्ली डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीने तर १९९४ साली आपल्या गाडीच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो २००० साली तिने मागे घेतला, पण आवाज ही गाडीची ओळख असते हे त्यातून दिसलंच.

मग चांगला आवाज मिळवायचा कसा? आपल्याकडे गॅरेजमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे. सायलेन्सरची पुंगळी काढा, आतली जाळी कापा, नाहीतर मूळ सायलेन्सर उतरवून इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल असं काहीतरी बसवा. या उपायाने आवाज मोठा होतो, यात शंका नाही. पण तो चांगला होत नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याची कारणं सांगतो.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, तेव्हा एकदा पेट्रोलचा स्फोट होतो. म्हणजे क्रँक दोनदा फिरला की एक ठोका. स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि आत कोंडलेला तापलेला वायू झटक्यात बाहेर पडतो. तो झटका म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा ठोका. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ४५० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला साडेसात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण विसापर्यंतचे ठोके सुटे सुटे कळतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून त्यांचा सूर होतो. जुनी बुलेट उभ्या जागी डुगडुगते आणि हायवेला लागली की तिचाच घुमता सूर होतो, तो यामुळे.

आता जुन्या बुलेटचं इंजिन बघा. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धाव आणि सोबतीला जड फ्लायव्हील. फ्लायव्हील जड असल्यामुळे इंजिन अगदी हळू फिरूनही बंद पडत नाही आणि दोन ठोक्यांमध्ये छान मोकळी जागा राहते. आपल्याला आवडतो तो हाच संथ, भरदार ताल. तो इंजिनाच्या पोटात तयार होतो. सायलेन्सरला भोक पाडून तो येत नाही. हार्लीच्या बाबतीतही हेच आहे. तिचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेले असतात. त्यामुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत, एक लवकर आणि एक उशिरा पडतो. तिची लंगडी चाल तिथून येते.

मग सायलेन्सर काय करतो? मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर उभा कापून पाहिला तर आत दोन-तीन कप्पे दिसतात, त्यांना छेद देणाऱ्या नळ्या दिसतात आणि नळ्यांना बारीक भोकं दिसतात. काही सायलेन्सरमध्ये नळीभोवती ग्लास वूल भरलेलं असतं. आपल्या जुन्या वाड्यांत रस्त्यावरचा गलका दिंडीदरवाज्यातून चौकात, चौकातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात येईपर्यंत मवाळ होतो. सायलेन्सरचे कप्पे तेच काम करतात. अरुंद नळीतून रुंद कप्प्यात आणि तिथून पुन्हा अरुंद नळीत जाताना आवाजाच्या लाटेचा काही भाग मागे परततो. परतलेल्या लाटा आणि पुढून येणाऱ्या लाटा एकमेकींना छेदून शांत होतात. ग्लास वूलचं काम वेगळं आहे. ते मुख्यतः वरच्या पट्टीचा, म्हणजे कर्कश आवाज शोषतं आणि खालचा खर्ज बराचसा जाऊ देतं.

नीट ऐकण्यासारखी गोष्ट इथेच आहे. माणसाचा कान सगळ्या आवाजांना सारखा तिखट नाही. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत संवेदनशील असतो. स्फोटाच्या झटक्यात खर्जही असतो आणि ही वरची फटफट, चरचरही असते. पुंगळी काढली की दोन्ही मोकळे सुटतात, पण कानाला जाऊन टोचते ती वरची चरचर. ज्या खर्जासाठी हा सगळा खटाटोप केला तो तिच्याखाली दबतो. चांगल्या आवाजासाठी जे नको आहे ते काढून टाकावं लागतं आणि ते काढणारं यंत्र म्हणजे सायलेन्सर. तेच आपण कापून टाकतो.

दुसरा मुद्दा इंजिनाच्या ताकदीचा. सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या मागे लावलेलं बूच आहे आणि ते काढलं की गाडी मोकळी पळते, असा समज आहे. तो खरा नाही, हे टू-स्ट्रोक गाड्यांच्या इतिहासातून फार चांगलं कळतं. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचे अभियंते होते. टू-स्ट्रोक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर थोडं ताजं पेट्रोलमिश्रणही निसटून जातं. काडेन यांनी एक्झॉस्टच्या नळीला आधी रुंदावत जाणारा आणि मग निमुळता होणारा आकार असा नेमका दिला की निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट ते निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ सालापर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेता झाला. एका नळीच्या आकाराला एवढी किंमत होती. आपल्या लाडक्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० ला ९८ सीसीमध्ये ११ अश्वशक्ती मिळत होती, त्यातही सायलेन्सरच्या पोटातल्या या रचनेचा वाटा आहे. सायलेन्सर मधून कापला की आवाज वाढतो आणि पिकअप मरतो.

फोर-स्ट्रोक गाडीतही परतणाऱ्या लाटांचा हिशेब असतोच. आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीने एक्झॉसटेक नावाने जे तंत्र आणलं, त्यात इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीला, म्हणजे बेंड पाइपला, एक छोटा बंद कप्पा जोडलेला होता. हेतू हा, की कमी वेगालाही इंजिनाने चांगली ओढ द्यावी. बाहेरून बघणाऱ्याला तो नळीला आलेला फुगवटा वाटे. अशी रचना उद्ध्वस्त करून मोकळी नळी बसवली तर बहुतेक वेळा शहरात रोज लागणारी खालची आणि मधली ओढ कमी होते. चालवणाऱ्याला मात्र आवाज मोठा झाल्यामुळे गाडी जोरात पळते असं वाटत राहतं.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि प्रकरण आणखी नाजूक झालं. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये आणि काहींत सायलेन्सरच्या पोटातच असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू त्यात असतात आणि ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं रूप पालटतात. शिवाय बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. तो इंजिनाच्या संगणकाला सतत खबर देतो आणि त्यावर पेट्रोलचं प्रमाण ठरतं. नळी कापली, जोड ढिला राहिला, बाहेरची हवा आत शिरली, की सेन्सरला चुकीचं चित्र दिसतं आणि सगळं गणित बिघडतं.

आणि ते फटाके! चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू करायची म्हणजे धाडकन बार निघतो, हे मुलं मोठ्या हौसेने करतात. चावी बंद असते तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमतं आणि चावी चालू केली की तिथेच पेटतं. स्फोटाची जागा सिलिंडर आहे, सायलेन्सर नव्हे. अशा बारांनी आतल्या जाळ्या फाटतात, जोड सुटतात आणि कन्व्हर्टर जास्त तापून वितळूही शकतो. बार होतो तेव्हा शेजारून जाणाऱ्या सायकलवरच्या मुलाचा तोल जातो, याचा विचार तर कुणी करतच नाही.

आता कायदा. आपल्याकडे दुचाकी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या आवाजाला मर्यादा आहे. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावरच्या गाड्यांना ८०. गाडी वेग घेत पुढून जात असताना साडेसात मीटरवर माइक ठेवून हे मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, अशा चाचण्या करणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी ती एक. डेसिबलचं माप फसवं असतं, हे लक्षात घ्या. ८० चे ९० झाले तर आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची दृश्यं तर आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण दंडापेक्षा मोठं कारण मला वाटतं ते शेजाऱ्याचं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत रुग्णालयाच्या परिसरातली मर्यादा ४० डेसिबल आहे. तिथल्या एखाद्या रुग्णाला मोठ्या मुश्किलीने लागलेली झोप आपल्या हौसेसाठी मोडू नये, एवढं माणूसपण आपल्यात हवं.

मग आवाजाची आवड असणाऱ्याने करायचं काय? करण्यासारखं खूप आहे.

पहिलं म्हणजे गाडीचा मूळ आवाज परत मिळवा. बऱ्याच गाड्यांचा आवाज बिघडलेला असतो आणि मालकाला ते माहीत नसतं. बेंड पाइप सिलिंडरला जिथे जोडतो तिथलं पॅकिंग बसून गेलं की फुसफुस ऐकू येते. सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला असेल किंवा वरच्या पत्र्याचा स्क्रू निसटला असेल तर खडखड येते. टॅपेटचं अंतर वाढलं की टकटक येते. पॅकिंग बदला, टॅपेट लावून घ्या, चेन साफ करा, एअर फिल्टर पाहा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर चांगल्या मेकॅनिककडून स्लो नीट लावून घ्या. हे सगळं झाल्यावर इंजिनाचा ठोका कसा स्वच्छ ऐकू येतो ते एकदा अनुभवा.

दुसरं, टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरची मागची नळी काजळीने बुजते. ती बाहेर काढून साफ करायची आणि पुन्हा जागेवर बसवायची, ही आपल्या जुन्या मिस्त्रींची पद्धत होती. आवाजही मोकळा होतो आणि ओढही परत येते. पुन्हा बसवायची, हे मात्र विसरू नका.

तिसरं, ज्या सायलेन्सरमध्ये ग्लास वूल असतं, त्यातलं वूल काही वर्षांनी जळून, उडून जातं आणि आवाज पत्र्यासारखा होतो. खोलता येण्याजोगा सायलेन्सर असेल तर ते नव्याने भरून घ्या. काम करणाऱ्याने नाकाला मास्क आणि हातात मोजे घातलेच पाहिजेत. खर्ज तसाच ठेवून कर्कशपणा घालवणारा हा खरा उपाय आहे.

चौथं, सायलेन्सर बदलायचाच असेल तर गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी मंजूर करून घेतलेला घ्या. रॉयल एनफिल्डने आपल्या ३५० सीसी गाड्यांसाठी नियमात बसणारे वेगवेगळ्या घाटाचे सायलेन्सर बाजारात आणले होते. हौस आणि कायदा दोन्ही सांभाळता येतात, हे त्यावरून दिसतं.

मेकॅनिक मित्रांनाही माझं सांगणं आहे. तुमच्याकडे पुंगळी काढायला आलेल्या मुलाला नुसतं परत पाठवू नका. आधी त्याच्या गाडीचं पॅकिंग आणि टॅपेट तपासा आणि गाडी चालू करून त्याला ऐकवा. आणि तरुण श्रोत्यांनो, तुमच्या गाडीचा आवाज बनवायला अभियंत्यांनी वर्षं घातलेली असतात. तो जपा, नीट ठेवा आणि सायलेन्सरला करवत लावू नका.