वंशावळीतल्या रिकाम्या चौकटी: एक शीट, दोन टॅब

आजचा विषय आहे घराण्याचा इतिहास, आणि तो मोबाईलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये कसा मांडायचा. झाड काढून देणारी ॲप्स भरपूर आहेत, मला माहितीये. पण झाड फक्त उत्तर दाखवतं. ते उत्तर कुणी दिलं, कुठल्या कागदावरून आलं, हे त्यात हरवून जातं. म्हणून मी शीट वापरते.

शीटमध्ये दोन टॅब करा. पहिला ‘व्यक्ती’. त्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्या, व००१, व००२ असा. हे का? तर आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. एकाच घराण्यात तीन गणपत निघतात, आणि घरात त्या तिघांनाही अण्णाच म्हणतात! क्रमांक असला की गोंधळ होत नाही. नाव, घरात हाक मारायचं नाव, वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक, एवढे कॉलम सुरुवातीला पुरतात.

दुसरा टॅब ‘नोंदी’. खरं काम इथे आहे. इथे एक रो म्हणजे एक माहिती. कोणाबद्दल, काय कळलं, कुठून कळलं, कधी कळलं आणि किती खात्री, असे पाच कॉलम.

उदाहरण देते. माझ्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९६६. आता ‘१ जून’ म्हटलं की तुम्ही हसला असाल. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस! आजी म्हणते, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रांगत होता.” तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे जन्म १९६७ च्या सुरुवातीचा असायला हवा. मग खरं काय? लगेच ठरवायचं नाही. दोन्ही नोंदी दोन रोमध्ये राहू द्या. उद्या तिसरा कागद मिळाला की तोल कुणीकडे झुकतो ते दिसेल. आणि आजी-आजोबांना तारीख विचारूच नका. पानशेत फुटलं तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळात, असं विचारा. भराभर सांगतात.

तारखांचं अजून एक. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून धरतच नाही. शिवाय अर्धवट तारखाही येतात, नुसता महिना किंवा नुसतं वर्ष. म्हणून दिवस, महिना, वर्ष हे तीन वेगळे कॉलम ठेवा. जुन्या पत्रिकेत शके असतं. चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. मधल्या मार्गशीर्ष-पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, तिथे पंचांग बघावं लागतं. मूळ शके मात्र पुसू नका, वेगळ्या कॉलममध्ये राहू द्या. कागद मोडीत असेल तर फोटोची लिंक टाकून ठेवा. वाचणारा भेटला की रो भरता येईल.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. पन्नासेक माणसं भरून झाली की फिल्टर लावा. ‘आईचा क्रमांक’ हा कॉलम रिकामा कुठे कुठे आहे ते बघा. माझ्या शीटमध्ये तिसऱ्या पिढीच्या वर तो जवळपास सगळाच रिकामा निघाला. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, सगळे हजर. बायका गायब. जात पडताळणीसाठी आपण जी वंशावळ काढतो तीही वडिलांच्या बाजूने वर जाते, त्यामुळे तिथेही त्या सापडत नाहीत. त्यात लग्नानंतर नाव बदललं, की माहेरची मुलगी आणि सासरची सून या कागदावर दोन वेगळ्याच बायका होतात. म्हणून ‘माहेरचं नाव’ आणि ‘माहेरचं गाव’ हे दोन कॉलम आजच घाला.

मग शोधायचं कुठे? जमिनीच्या कागदात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगीही वडिलांची वारस झाली. त्यामुळे त्यानंतरचा वारस नोंदीचा फेरफार काढून बघा. तिथे लेकींची नावं मिळू शकतात. बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्यातही असतात. माझ्या पणजोबांच्या दोन बहिणी मला अशाच सापडल्या. घरात कुणाला त्यांची नावंही आठवत नव्हती. ज्या कागदाने त्यांचा हिस्सा गेला, त्याच कागदावर त्यांचं नाव उरलं होतं. जुने फेरफार तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये विचारा. काही जिल्ह्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवरही आहेत.

शीट नातेवाइकांना पाठवताना ‘फक्त बघता येईल’ असं सेटिंग ठेवा. हयात माणसांचे आधार, फोन नंबर त्यात नकोत.

या आठवड्याचा गृहपाठ छोटा आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईंना फोन लावा आणि त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारा. उत्तर आलं की पहिला रो भरा, ‘कुठून कळलं’ मध्ये त्यांचं नाव आणि आजची तारीख टाका. कागद पुढच्या महिन्यातही मिळेल. हा फोन मात्र आजच करा. भेटूया पुढच्या भागात!